समोरचा दात

बेचाळीसच्या चळवळीत रेल्वेलगतच्या तारा तोडताना पोलिसाच्या दंडुक्याने मालोजीचा समोरचा दात मोडला. तो कसाबसा निसटून पळसदरीला घरी आला आणि अंबाबाईने लेकाला माळ्यावर लपवलं. सकाळी पोलीस घरोघर शिरून बाप्यांना तोंड उघडायला लावू लागले.

"आये, ते माळ्यावर चढल्याबिगर ऱ्हायचे नाय," थोरला येसाजी म्हणाला. वरवंटा घेऊन तो परसात गेला आणि चूळ भरून परत आला.

फौजदाराने दारातच त्याचा जबडा धरला. "म्हातारे, तारा तोडणारा हाच ना?"

"होय, ह्योच," अंबाबाई म्हणाली.

पोलीस येसाजीला घेऊन गेले. चुलीपुढे बसलेल्या त्याच्या बायकोकडे वळून बघायचं धाडस अंबाबाईला झालं नाही.