गुरुवारची नर्स

दवाखान्याने एकटेपणावरच्या अभ्यासासाठी आमच्या नावांच्या चिठ्ठ्या टाकल्या. वरच्या मजल्यावरच्या माझ्या धाकट्या जावेकडे दर गुरुवारी नर्स गप्पा मारायला येणार; मला तुलनेसाठी नुसता वर्षअखेरीस भरायचा फॉर्म. माझ्या पोटात दुखलंच. आमचा सहा वर्षांचा अबोला, तरी दर गुरुवारी मी वर जाऊन ठाण मांडायचे. "हिचं अर्धं खोटं असतं हो," असं नर्सला सांगायचे. नर्स निघून गेली तरी आमची खडाजंगी दिवेलागणीपर्यंत चालायची.

वर्षअखेरीस दोघींचे फॉर्म वाचून नर्सने कपाळाला हात लावला. "माझ्या भेटींचा उपयोग झाला, असं लिहू कसं? जिच्याकडे मी गेलेच नाही, तिचाही एकटेपणा गेलाय!"

आम्ही दोघींनी एकदमच विचारलं, "जास्त कोणाचा गेला?"