तिसरा पेचकस

बाकावर उघडा पंप, दोन पाने, दोन पेचकस होते. तिसरा धाकट्याने नुकताच थोरल्या भावाच्या मांडीत खुपसला होता. चुकीचा वॉशर बसवला म्हणून थोरल्याने गिऱ्हाइकासमोर त्याच्या थोबाडीत मारली होती. “हात लावू नकोस त्याला!” थोरला ओरडला. पण अडकलेली वस्तू आधी काढायची, ही धाकट्याची कामातली सवय. त्याने पेचकस उपसला. हृदयाच्या दर ठोक्याला रक्ताची चिळकांडी भिंतीवर उडू लागली. त्याने भोकावर चिंधी दाबली. ती क्षणात भिजली. “गळतीवर काय दाबतोस, गाढवा?” थोरला पांढरा पडत म्हणाला. “आधी मागचा कॉक बंद कर!” धाकट्याने थोरल्याच्या जांघेत, रक्त मांडीत उतरतं तिथे, दोन्ही मुठी रोवून अख्खं वजन टाकलं. चिळकांडी थांबली. “दादा, मरू नकोस रे.” “मरतोय कशाला? अजून एक थोबाडीत द्यायचीय.” रुग्णवाहिका आली तेव्हा रक्त गेल्याने थोरल्याची नाडी मिनिटाला एकशे अडतीस होती, पण चालू होती.