वडिलांचा रकाना

बाई पडद्यावर तक्ता वाचत होत्या आणि फ्रेमवाल्याच्या हातून काच वाकडी कापली गेली.

मुलीची, ठकीची, शाळा सगळीच ऑनलाइन, तेव्हा पालकसभाही ऑनलाइन. दुकान उघडं ठेवूनच त्याने फोन डिंकाच्या डब्याला टेकवून उभा केला होता. पडद्यावर पालकांचे चौकोन. एकात तो, एकात ठकीची आई आणि तिचा दुसरा नवरा. नवरा दातांचा डॉक्टर.

"अभ्यासाला घरचं कोण सोबत बसतं, हा रकाना मुलं दर आठवड्याला स्वतः भरतात," बाई म्हणाल्या. "नववीतल्या एका मुलीने काय लिहिलंय, ऐका. 'वडील बसतात. आज शिकले ते मी त्यांना शिकवते. ते मध्येच बोलत नाहीत. चुकले तरी चिडत नाहीत. उत्तर सांगून टाकत नाहीत, मलाच शोधू देतात.' चाळिसाचे बहात्तर टक्के झाले ते उगाच नाही. वडिलांचा सहभाग असावा तर असा!"

पडद्यावर ठकीचं अक्षर होतं. डावीकडे कललेलं, घाईचं.

वडील म्हणे! फ्रेमवाल्याच्या अंगाचा तिळपापड झाला. आपण तर एक दिवस बसलेलो नाही. पोरगी शनिवार-रविवार इकडे येते आणि नेमकी तेव्हाच दुकानात गर्दी. मग हे वडील कोण, ते सांगायला ज्योतिषी नको होता. संसार गेला तो गेला, आता रकानाही गेला.

डॉक्टर चौकोनात हसत होता. आयुष्यभर लोकांचे दात काढले, आता स्वतःचे काढतोय, फ्रेमवाला मनात म्हणाला.

"वडील आहेत का सभेला?" बाईंनी विचारलं.

डॉक्टरने तोंड उघडायच्या आत फ्रेमवाल्याने हात जोडले. "आहे ना बाई, मीच. फार काही करत नाही हो. ऐकून घेतो, एवढंच."

डॉक्टरचं हसू मावळलं. झोंबली! फ्रेमवाल्याला असं गार वाटलं की विचारू नका. मग सभा संपली, पडदा काळा झाला आणि त्यात त्याला स्वतःचं तोंड दिसलं.

शनिवारी ठकी आली तेव्हा त्याने अर्धं शटर ओढलं, हात धुतले आणि दुकानामागच्या खोलीत तिच्या शेजारी खुर्ची घेऊन बसला.

"काय झालं?" ठकीने विचारलं.

"काही नाही. काय शिकलीस ते शिकव मला."

"तुला?"

"मला म्हणजे काय? बाप आहे मी तुझा."

ठकीने वही उघडली. समीकरण मांडलं. दुसऱ्या ओळीवर तो म्हणाला, "हे असं का करतेस? आमच्या वेळी सोपं होतं." चौथ्या ओळीवर म्हणाला, "अगं, चुकलं बघ." ते चुकलेलं नव्हतं. मग तो आवाज चढवून म्हणाला, "एवढं साधं कळत नाही?" आणि जीभ चावली.

"बाबा, जा ना तू," ठकी म्हणाली. रागाने नाही, अगदी सवयीने. "बाहेर गिऱ्हाईक असेल."

गिऱ्हाईक नव्हतं. तो काउंटरमागे उभा राहिला. ठकीने कानाला हेडफोन लावले, दार लोटलं. थोड्या वेळाने आतून तिचा आवाज यायला लागला.

"हं, तर ही बाजू इकडे आणली. कळलं? नाही? बरं, परत सांगते. घाई नाही. थांबा हां, मीच चुकले वाटतं..." मग ती हसली.

त्याच्याशी बोलताना ती असं शेवटचं कधी हसली होती, त्याला आठवेना. आठवड्याचे पाच दिवस त्या घरी, ते पुरत नाहीत म्हणून माझ्या शनिवारीही फोनवर तोच! फ्रेमवाला जळून खाक झाला. आत जाऊन विचारावं, कोण आहे म्हणून. पण विचारलं की उत्तर ऐकावं लागलं असतं, म्हणून त्याने नाही विचारलं.

मंगळवारी दुपारी डॉक्टर दुकानात आला.

"काय फ्रेम करायचंय?" फ्रेमवाल्याने मान वर न करता विचारलं.

"काही नाही. त्या सभेबद्दल बोलायचं होतं. तुम्ही सगळ्यांसमोर म्हणालात ना, की मीच बसतो म्हणून."

आला जाब विचारायला. चोरी पकडली गेली होती, आणि चोरी तरी कसली, स्वतःच्याच पोरीचा बाप असण्याची. फ्रेमवाल्याने हातोडी खाली ठेवली. "म्हणालो. मग?"

डॉक्टर न विचारताच स्टुलावर बसला. सभेत हसणारा माणूस हा नव्हेच असं वाटावं, इतका उतरलेला होता.

"खरं सांगू? जळलो मी त्या दिवशी. मीही बसून पाहिलं हो तिच्याशेजारी, दोनदा. दहा मिनिटांत मीच भाषण ठोकायला लागलो. तिने मला गोड बोलून बाहेर काढलं." तो कसंनुसं हसला. "आता रोज संध्याकाळी दार लावून दीड तास तुमच्याशी बोलते. शिकवते, चुकते, हसते. मी बाहेर येरझाऱ्या घालतो. मेलं तुमचं एक अक्षर ऐकू येत नाही."

फ्रेमवाला चमकला. म्हणजे शनिवारी फोनवर हा नव्हताच?

"रागावू नका, पण विचारतोच," डॉक्टर म्हणाला. "समोर पोर बोलत असताना इतकं गप्प राहायला तुम्हाला जमतं तरी कसं?"