समोरून परवानगी नाकारली

तिसऱ्यांदा पडद्यावर तीच ओळ उमटली: समोरून परवानगी नाकारली.

श्रीपादच्या कानाच्या पाळ्या तापल्या. नवा रायपूरच्या त्या कार्यालयात भिंतीवरच्या पडद्यासमोर डॉक्टर सरोजिनी मॅडम बसल्या होत्या. ट्रस्टच्या नव्या संचालिका. शेजारी दोन सॉफ्टवेअर घेऊन आलेला विक्रेता. ट्रस्टच्या सतरा दवाखान्यांतले कॉम्प्युटर इथं बसून दुरुस्त करता यावेत, म्हणून आज दोनांतलं एक निवडायचं होतं.

श्रीपादने आपल्यापुरतं कधीच निवडलं होतं. पहिलं. ते कुणाला विचारत नसे. सकाळी ते धमतरीच्या केंद्रात सरळ शिरलं, आणि तिथला ऑपरेटर रजेचा अर्ज लिहीत बसलाय हे सगळ्यांनी इथून पाहिलं. सगळे हसले. मॅडमही हसल्या. दुसरं मात्र आधी समोरच्या माणसाला विचारायचं, तिथून 'हो' आलं तरच आत जायचं. दुरुस्तीसाठी दवाखान्या-दवाखान्यांत जाताना अकरा वर्षं बसचे धक्के खाऊन श्रीपादचे गुडघे कुरकुरायला लागले होते. ऑपरेटरांना विचारत बसायचे एवढे लाड त्याला नको होते. म्हणून दुसऱ्याच्या चाचणीला त्याने मुद्दाम सगळ्यात मंद नेटचं केंद्र निवडलं, नारायणपूरच्याही पुढचं. ते वाटेतच अडकेल आणि विषय संपेल, असा त्याचा हिशेब.

ते अडकलं नाही. बारा सेकंदांत पोचलं. अडवलं ते शर्मिष्ठाने.

शर्मिष्ठा त्याची मुलगी. चौबे कॉलनीतल्या त्यांच्या गल्लीत कुणाचा मुलगा पुण्याला, कुणाची सून हैदराबादला. शर्मिष्ठासाठी त्याने इथंच, राजधानीत, एका ऑफिसात शब्द टाकून ठेवला होता. तिने तो ऐकूनही घेतला नाही. परस्पर ट्रस्टची परीक्षा दिली आणि जंगलातल्या त्या केंद्रावर ऑपरेटर म्हणून निघून गेली. चौदा महिने झाले. ऑफिसात त्याने कुणाला सांगितलं नव्हतं. लोक म्हणतील वशिला लावला, असं तो वनमालेला, बायकोला, सांगायचा. खरं कारण त्याचं त्याला माहीत होतं. सांगण्यासारखं त्यात काही आहे, असं त्याला वाटतच नव्हतं. शर्मिष्ठाच्याही ते ध्यानात आलं असावं. ऑफिसच्या फोनवर ती त्याला 'सर' म्हणायची.

"त्यांना बटण दाबता येत नाही का?" मॅडमच्या आवाजात धार आली. "फोन लावा. स्पीकरवर."

श्रीपादने फोन लावला. "काय करून राहिली? मुख्य कार्यालयातून विचारून राहिलो, तर नाही काहून म्हणते?"

"सर, इथं एका दीदीचा रिपोर्ट उघडा आहे. त्या माझ्या बाजूलाच बसल्या आहेत."

"अगं, मी आहे. आवाज नाही ओळखत का माझा?"

शर्मिष्ठा हळू पण स्वच्छ बोलली, "तुमचा आवाज मी ओळखते, सर. दीदी नाही ओळखत. मी त्यांले विचारलं, मोठ्या ऑफिसातले लोक पाहतील, चालते का. त्या नाही म्हणाल्या."

"सांगा तिला, मी स्वतः इथं बसले आहे," मॅडम म्हणाल्या.

श्रीपादने सांगितलं. आपला आवाज आपल्यालाच नको इतका चढल्यासारखा वाटला त्याला.

"मॅडमले माझा नमस्कार सांगा," शर्मिष्ठा म्हणाली. "पाच मिनिटं थांबा म्हणा. दीदींचं झालं की मी स्वतः तुम्हाले आत घेते."

फोन ठेवला गेला.

विक्रेत्याला हीच संधी वाटली. तो घाईघाईने पुढे सरकला. "देखिए मॅडम, पहिल्या सॉफ्टवेअरमध्ये हा झमेलाच नाही. विचारायची गरजच नाही."

मॅडमनी घड्याळाकडे पाहिलं. खिडकीबाहेरच्या रुंद रस्त्यावरून एखादी गाडी जायची, पुन्हा सगळं शांत व्हायचं. श्रीपादला सकाळचा तो धमतरीचा पडदा आठवला. तिथं अर्जाच्या जागी एखाद्या बाईचं नाव असतं, तिचा आजार असता, तर? इथं सगळे हसत होते. आणि तिथल्या बाईला ते कधी कळलंही नसतं.

पाच नव्हे, सात मिनिटं गेली. पडद्यावर केंद्राचा कॉम्प्युटर उघडला. कुठलाही कागद उघडा नव्हता. श्रीपादने तिथला बंद पडलेला प्रिंटर इथून चालू केला. दोन मिनिटांचं काम. तिकडून पहिलं पान निघाल्याचा निरोप आला.

मग त्याने कालच लिहून ठेवलेली शिफारस पुढे ओढली. पहिल्याच्या नावावर रेघ मारली, वर दुसऱ्याचं नाव लिहिलं आणि कागद मॅडमसमोर ठेवला.

"लेकिन सर," विक्रेता गडबडला, "यात तर कुणीही तुम्हाला नाही म्हणू शकतं!"

"हव," श्रीपाद म्हणाला. "म्हणूनच हेच पाहिजे."

मॅडमनी कागद वाचला. सही केली. पेनाचं टोपण लावता लावता त्यांनी वर पाहिलं. मघाची धार आता आवाजात नव्हती.

"श्रीपादजी, ऑपरेटरांचं ट्रेनिंग तुम्हीच घेता ना? ही पोरगी मला भर ऑफिसात थांबवून ठेवते. इतकं बरोबर वागायला कुणी शिकवलं हो तिला?"

श्रीपाद खुर्चीतून उठून उभा राहिला. त्याचे गुडघे कुरकुरले, पण त्याला ते जाणवलं नाही.

"शिकवलं मी नाही, मॅडम," तो म्हणाला. "पण पोट्टी माझी आहे."