वाटीचा नवस

गंगामाईची शपथ, यातला एकूण एक शब्द खरा आहे. खोटं असेल तर माझी जीभ झडो!

सन त्र्याण्णवची गोष्ट. रेल्वेच्या संघात जायची स्वप्नं बघणारा आमचा नातू विश्वजीत कबड्डी खेळताना असा पडला, की त्याची गुडघ्याची वाटी सरकून बाजूला गेली. गंगेपलीकडूनही दिसत होती म्हणे! डॉक्टरांनी पाय सरळ केला, तशी ती खट्कन जागेवर बसली. ते म्हणाले, "सहा आठवडे आराम, मग रेल्वेच्या संघात खेळा खुशाल."

पण माझी जाऊ इंदू नवस बोलून बसली होती ना! वाटी बसली, तर विश्वजीत अकरा दिवस घाट उतरून गंगेला नारळ देईल. झालं! पोरगा रोज दुर्गाघाटाच्या पायऱ्या उतरायचा आणि चढायचा.

"आजी, गुडघ्यात करकर वाजतंय गं."

"अरे, पिशवीतला नारळ असेल. चल!"

बाराव्या दिवशी डॉक्टरांनी गुडघ्यात दुर्बीण घालून पाहिलं आणि कपाळाला हात लावला. "माताजी, वाटी सरकताना तिच्या खालची कूर्चेची गादी फाटली होती. आता पायऱ्यांनी ती पार भरडली. रेल्वेचा संघ विसरा."

तेव्हापासून विश्वजीत इंदूशी बोलत नाही. ती बिचारी अजून शपथा घेते, की नवस माझा नव्हताच. पण तिचं ऐकतंय कोण!



एवढं एकच मी रचलं हो. नवस माझा होता.