सरणाचा आंबा

थोरल्या दादाचं मयत अंगणात होतं. बांधावरच्या आंब्याला पुतण्याने करवत लावली आणि त्याचा फोन वाजला.

हा आंबा दादाने स्वतःच्या सरणासाठी राखला होता. मग कारखान्यांच्या धुराच्या बदल्यात झाडं राखायचे पैसे देणारी कंपनी आली. दादाने सही केली. झाडाला धक्का लागला की कळावं म्हणून कंपनीने खोडावर यंत्र बसवलं.

"करवत थांबवा. करार तीस वर्षांचा आहे," कंपनीतली मुलगी म्हणाली.

वहिनीने फोन हिसकावला. "मग म्हाताऱ्याला तीस वर्षं अंगणात झोपवून ठेवू का गं?"

"आजी, झाडं जगली पाहिजेत ना?"

संध्याकाळी वखारीतून लाकूड आलं. तेही आंब्याचंच होतं, कालपरवा तोडलेलं. त्या झाडाला यंत्र नव्हतं, एवढंच.