सातवा पुरावा

"बाई, शिपाईमामांना घाम फुटलाय. म्हणजे चोर तेच," चष्मिस म्हणाला.

"घाम हा पुरावा नाही. शोधा अजून."

चौथीचा अख्खा वर्ग जमिनीवर होता. शाळेची पितळी घंटा 'चोरीला' गेली होती आणि छातीवर कागदी बिल्ले लावलेले तीस गुप्तहेर बाकांखाली रांगत होते. बाईंनी सहा पुरावे लपवले होते. खडूच्या भुकटीतला बुटाचा ठसा, एक तुटकं बटण आणि चार चिठ्ठ्या. चोर शिपाईमामाच. बिचाऱ्यांनी दोन दिवस खपून कबुलीजबाब पाठ केला होता आणि आता दाराशी उभं राहून तो विसरत होते.

हेडसरांनी हा खेळ बाईंच्या गळ्यात मारला होता. बाई नको नको म्हणत होत्या, पण कारण काय सांगणार? या खोलीत चोराचा शोध एकदा होऊन गेला होता. बावीस वर्षांपूर्वी. आणि तो खेळ नव्हता.

तेव्हा बाईंचं घड्याळ गेलं होतं. वडिलांचं, जाडजूड, स्टीलच्या पट्ट्याचं. फळ्यावर लिहिताना खडूने माखेल म्हणून त्या ते टेबलाच्या ड्रॉवरात काढून ठेवत. त्या दिवशी मधल्या सुट्टीत वर्गात एकच मुलगी थांबली होती. बाईंनी तिचं दप्तर सगळ्यांसमोर पालथं केलं. काही निघालं नाही. तरी शाळा सुटेपर्यंत तिला टेबलाशेजारी उभं केलं. ती रडली नाही. एकदाच, खाली बघत म्हणाली, "बाई, ऐका ना, तो..." आणि बाई कडाडल्या, "एक शब्द बोलायचा नाही!"

दुसऱ्या दिवशी तिच्या वडिलांनी तिचं नाव शाळेतून काढून घेतलं.

तेव्हापासून वर्ग रिकामा झाला, की बाईंना ते अर्धं वाक्य ऐकू यायचं. वह्या तपासताना, खिडक्या लावताना, अगदी कानाशी. 'बाई, ऐका ना, तो...' वळून बघावं तर कोणी नाही. मग त्या स्वतःला बजावायच्या, पोरगी चोरच होती. या एका गोष्टीच्या भरवशावर बाई इतकी वर्षं झोपत आल्या होत्या.

आता बाई टेबलामागून निघाल्या, तर ड्रॉवर कमरेला लागला. रोजचंच होतं ते. लाकूड फुगल्यामुळे तो दोन बोटं बाहेरच राहायचा. सुतार बोलवायचं दर वर्षी राहून जायचं.

चष्मिसने चिठ्ठी मोठ्याने वाचली. "जे रोज समोर असतं, तिकडे कोणी बघत नाही." सगळी पोरं भिंतीवरच्या घड्याळाकडे धावली. एक नवी मुलगी तेवढी धावली नाही. महिन्यापूर्वीच शाळेत आलेली, अबोल. ती सरळ टेबलाशी आली.

"बाई, हा ड्रॉवर काढू?"

"तिथे काही नाही. लाकूड फुगलंय."

"फुगलं असतं तर तो सरकतानाच अडला असता. हा शेवटी अडतो."

बाईंना नाही म्हणायचं होतं, पण तोवर "त्यात काय मोठंसं," म्हणत शिपाईमामा मदतीला आले. त्यांनी दोन हिसके दिले आणि ड्रॉवर बाहेर काढला. मुलीने कोपरापर्यंत हात आत घातला. बाहेर आला तेव्हा तिच्या हातात घड्याळ होतं. पट्टा काळा पडलेला, काच शाबूत.

"सातवा पुरावा!" पोरांनी एकच गलका केला. "बाई, मग चोर कोण?"

मामांना वाटलं, आलीच आपली पाळी. ते पुढे होऊन म्हणू लागले, "मी चोर आहे. माझ्या हातून मोठी चूक..."

"मामा, तुम्ही नाही," बाई म्हणाल्या आणि मटकन खुर्चीत बसल्या. त्यांना भीती वाटत होती, नऊ वर्षांच्या पोरीची. "ड्रॉवरचं तुला कोणी सांगितलं?"

"आईने. ती याच वर्गात होती. एकदा शाळा सुटेपर्यंत इथे उभी होती म्हणे." तिने घड्याळ बाईंच्या पुढ्यात ठेवलं. "तिचं एक वाक्य अर्धं राहिलंय. बाई बोलू देतील तर पुरं कर, म्हणाली."

बाईंनी कशीबशी मान हलवली.

मुलगी टेबलाशेजारी हात मागे बांधून उभी राहिली.

"बाई, ऐका ना, तो ड्रॉवर सकाळी नीट बंद होत होता."